जनकाआत्याचा फुटका फोन

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात असं बोललं जातं की जनकाबाईच्या फोनात तिच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज भरून ठेवलेला आहे, म्हणून सहा वर्षं झाली तरी ती तो फुटका फोन बदलत नाही. शेजारची पारुबाई हे सांगताना पदर नाकाला लावते. "रोज ऐकती गं वसरीत बसून. काय जीव आसंल बाईचा!"

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच की नवरा जिवंत आहे.

जनकाबाई माझी आत्या. तिचा नवरा, म्हणजे आमचे शेषरावमामा, रोज सकाळी जीपच्या स्टँडवर पेपर वाचायला जातात. आपण मेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. घरी येऊन म्हणाले, "मी मेलो म्हणं."

आत्या भाकरी थापत होती. "हात धुवा अन् बसा जेवायला."

आणि मामांचा आवाज भरायचा तरी काय? फोन कानाला लावला की ते "हं" म्हणतात. फारच महत्त्वाचं असेल तर दोनदा म्हणतात. मी गावात सगळ्यांची नक्कल करते, पण मामांची करायला काही सापडतच नाही.

आमच्याकडे फोन बदलायला कारणं लागतात, नाही असं नाही. पण ती सोयाबीन विकल्यावरच सापडतात. बालाजीकाकांचा फोन बरोबर दिवाळीच्या तोंडावर "लईच हँग मारून राहिला" असतो. पारुबाईच्या बंटीच्या फोनातली जागा संपते ती मेव्हण्याने नवा फोन घेतला की दुसऱ्या दिवशी. आत्याचा मुलगा प्रमोददादा हिंगोलीत पतसंस्थेत आहे. तो दरवर्षी बदलतो आणि दरवर्षी घसा खाकरून म्हणतो, "कॅमेऱ्यासाठी नाही, ऑफिसच्या कामासाठी." मग पहिला फोटो भज्यांचा काढतो. जुना फोन घेऊन आईसमोर उभा राहतो. "माय, ह्यो घे. एकदम नव्यावानी हाय."

"मंग तूच ठेव की."

आता खरं काय ते सांगते. आत्याचा फोन नवा होता तेव्हा काच गुळगुळीत होती आणि आत्याला त्यावर काही म्हणजे काही सापडायचं नाही. शाळा दुसरीपर्यंत, त्यात जवळचं अंधुक दिसतं. तेव्हा तिची लेक आकांक्षा नुकतीच नांदेडला नर्सिंगला गेली होती. तिच्याशी बोलायचं म्हणजे आत्या फोन घेऊन बंटीकडे जायची. "लावून दे रे बाबा." बंटी लावून द्यायचा आणि तिथेच उभा राहायचा. एकदा आकांक्षा हॉस्टेलवरून फोनवर रडली. संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ चार बाया आत्याला विचारत होत्या, "पोरगी नापास झाली का वं?"

मग एक दिवस फोन ट्रॉलीवरून दगडावर पडला. काचेवर तडे गेले आणि त्या तड्यांतून आत्याच्या अंगठ्याला वाट सापडली. दोन तडे मिळतात तिथे आकांक्षा, त्याच्या खाली प्रमोद, कोपऱ्यात टवका उडाला तिथे बॅटरीचा उजेड. एक हात पिठात असो की गवतात, दुसऱ्या हाताचा अंगठा न बघता जायचा आणि नांदेडला रिंग वाजायची. मायलेकी काय बोलतात ते मग कुणालाच कळेनासं झालं. नवा फोन घ्यायचा म्हणजे आत्यासाठी पुन्हा "लावून दे रे बाबा" होतं. म्हणून नको. आवाजबिवाज काही नाही.

यंदा उन्हाळ्यात फोनची बॅटरी फुगली. पाठीचं झाकण पुरीसारखं वर आलं. प्रमोददादा म्हणाला, "माय, ह्यो फुटंल." त्याच्या बायकोने, सपनावहिनीने, तो चिमट्याने उचलून अंगणात नेऊन ठेवला. त्या जातीची बॅटरी आता येत नाही, असं गावातल्या दुकानदाराने सांगितलं. तिसऱ्या दिवशी आत्या मला म्हणाली, "चल बाई हिंगोलीला."

हिंगोलीच्या दुकानातला दादा गाणं म्हटल्यासारखा बोलायचा. "देखो मावशी, पचास का कॅमेरा! फोटोत सुरकुत्या एकदम गायब!"

"काहून? पोरगी वळखंल का मंग मला?"

"स्पीड बघा ना. सहा महिने जुना वाटणार नाही."

"अन् सातव्या महिन्यात?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आत्या फोनकडे बघतच नव्हती. एकेक फोन मुठीत धरायची आणि अंगठा दुसऱ्या टोकाला पोचतो का ते बघायची. "ह्ये ताट हाय. ह्ये परात हाय." शेवटी खालच्या फळीवरचा एक लहानसा फोन मुठीत बसला.

"वो पुराना मॉडेल है मावशी, कोई नहीं लेता."

"मी घेऊन राहिले न्हाई का?"

पण काच पुन्हा तीच, गुळगुळीत. अंगठा नुसता घसरत होता. दादाने आकांक्षाचा आणि प्रमोददादाचा फोटो काचेवर आणून दिला. फोटोला बोट लावलं की फोन लागणार. आत्याने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. "शेतात निंदताना कुठं लावू चष्मा?" म्हणाली आणि फोन तिथेच ठेवून दुकानाबाहेर पडली.

मला वाटलं, संपलं.

ती शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून आली. हातात खड्याच्या टिकल्यांचं पाकीट. फोनला कव्हर चढवायला लावलं, कव्हरच्या कडेला अंगठ्याजवळ एक टिकली दाबून बसवली आणि दादाला म्हणाली, "आकांक्षाला हिच्या बराबर आण." दादाने फोटो सरकवला. "आता प्रमोदला हिच्या." दुसरी टिकली खाली. "अन् ते कुलूपबिलूप काढून टाक."

"मावशी, फोन है के नवरी?"

"नवरीच हाय. नांदवायची हाय आता."

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर दाटीने बसलो. फोन आत्याच्या पिशवीत. मी म्हटलं, "आत्या, पैज लाव. गोरेगाव येईस्तोर तू मला 'लावून दे गं' म्हणशील."

"न्हाई म्हणले तर?"

"तर आठ दिवस मी कुणाचीच नक्कल करणार न्हाई."

"कुणाचीच?"

"कुणाचीच."

आत्या इतकी हसली की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मग तिने एक हात पिशवीत घातला, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. सेनगाव गेलं. तिला झोप लागली असं समजून मी जिंकल्यासारखी बसले होते. तेवढ्यात पिशवीतून, कोथिंबिरीच्या जुडीखालून, आकांक्षाचा आवाज आला.

"माय? जयभीम. बोल की."

सगळी जीप पिशवीकडे बघायला लागली. आत्याने फोन काढून कानाला लावला, तोंड खिडकीकडे केलं आणि इतकं हळू बोलली की मांडीला मांडी लावून बसलेल्या मला, असले तिखट कान असून, एक अक्षर ऐकू आलं नाही.

बोलणं झाल्यावर ड्रायव्हर नाकातून सूर काढत म्हणाला, "क्या मावशी, पिशवीला बी रेंज येऊन राहिली का?"

काय सूर होता तो! नक्कल माझ्या जिभेच्या टोकावर आलीच होती. आत्याने नुसतं बोट वर केलं.

मी तोंड मिटलं.