मखरातली जलपर्णी

"फुलंच तर आहेत," साहेब म्हणाले. "गणपती होऊ द्या, मग काढा सगळं."

साहेब म्हणजे आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर. नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि आम्ही नागपूरची मंडळी बोजाबिस्तरा घेऊन इकडे आलो. मी गार्डन सुपरवायझर. साहेबांच्या बंगल्यातल्या हौदात बाईसाहेबांनी कुणाकडून तरी आणलेलं एक रोप सोडलं होतं. पावसाळ्यात त्याने हौदाचं पाणी दिसेनासं केलं.

ही जलपर्णी. फुलं जांभळी, देखणी. देठात हवेचा फुगा, त्यामुळे बुडायचं नाव नाही. एक रोप तळ्यात पडलं की पिलावळ वाढतच जाते आणि खालचं पाणी सडतं. बंगल्याच्या उतारावर मोठा तलाव, आणि शहर त्याचंच पाणी पिणारं. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आपलंच खरं केलं.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळी हौद बघायला गेलो, तर त्यातली निम्मी रोपं गायब. बंगल्याचे माळी रमजानभाई म्हणाले, "बाईजी ले गईं, साब. गणपतीजी की झाँकी में लगाया था. अब सब टोकरे में भर के तालाब गए हैं."

ही फुलं खुडली की लगेच माना टाकतात, म्हणून बाईसाहेबांनी मुळांसकट रोपंच पाण्याच्या परातीत ठेवून मखरात मांडली होती. मी सायकल काढली. उतारावर ब्रेक दाबायचंही सुचलं नाही.

घाटावर आरती संपत आली होती. साहेब मूर्ती घेऊन गुडघाभर पाण्यात, बाईसाहेबांच्या हातात निर्माल्याचा टोपला. मी टोपल्याचा काठ धरला.

"बाईसाहेब, हा माझ्याकडे द्या."

"अहो पाटणकर, निर्माल्य परत घरी नेतात का?"

"झाडाच्या बुंध्याशी घातलं तरी चालतं. कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी मी स्वतः पुरतो."

"इथेही ऑफिस आणलंत?" साहेब पाण्यातून म्हणाले.

बायको-मुलं नागपूरला, आणि क्वार्टर मिळायचं ते याच साहेबांच्या सहीने. तरी टोपला सोडला नाही.

"साहेब, यातली रोपं पाण्यात गेली तर काही वर्षांनी इथे मूर्ती बुडवायला पाणी दिसणार नाही."

बाईसाहेबांनी टोपल्यावरचा हात काढला. "पुरताना नमस्कार करा," एवढंच म्हणाल्या. "आणि थोडी फुलं मी आधीच सोडलीत. मुळांसकट होती का, ते नाही आठवत."

टोपल्यातलं सगळं मी आंब्याखाली खोल पुरलं, नमस्कारही केला. पण ती आधी सोडलेली फुलं डोक्यातून जाईनात. दिवाळीपर्यंत रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी तलावाचा काठ धुंडाळत होतो. हिरवं काही तरंगताना दिसलं की मी पाण्यात उतरायचो, आणि जवळ गेल्यावर ते साधं शेवाळ निघायचं.

क्वार्टर मला सगळ्यांच्या शेवटी मिळालं. तलावात काहीच उगवलं नाही. त्यामुळे माझं म्हणणं खरं होतं, हे साहेबांना कधीच पटलं नाही.