पोटाखालची पिल्लं

आठवीत विज्ञानाच्या तासाला मला बाकावर उभं केलं. तोंड वर्गाकडे. हात वर.

कारण चाचणीतलं एक उत्तर. प्रश्न होता: खेकड्याच्या अंड्यातून काय बाहेर पडते? मी लिहिलं होतं: खेकडा. पुस्तकात होतं: डिंभ. म्हणजे पाण्यात तरंगणारा अळीसारखा जीव, जो खेकड्यासारखा अजिबात दिसत नाही. मला भोपळा मिळाला. मी उठून म्हणाले, "गुरुजी, म्या बघितलंय."

"काय बघितलंस?"

"मादीच्या पोटाखाली पिल्लं असत्यात. बारीक खेकडंच."

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "हिच्या घरी रोज खेकड्याचं कालवण. म्हणून ही शास्त्रज्ञ!"

वर्ग हसला. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांची मुलं हसली. आमच्या वाडीतल्या दोघी होत्या, त्याही हसल्या. न हसणं त्यांना परवडलं नसतं. तास संपेपर्यंत मी उभी होते. मग गुरुजी म्हणाले, "पुस्तकातलं उत्तर पन्नास वेळा लिहून आण."

मी लिहून आणलं. ही नोंद इथे आवश्यक आहे. मी नकार दिला नाही. पन्नास वेळा, सुवाच्य अक्षरात.

आमची वाडी तिकोणा पेठेच्या वर, पठारावर. आम्ही महादेव कोळी. वडील दुसऱ्यांच्या भातखाचरात मजुरी करायचे. आई ओढ्यात खेकडे धरायची. वाडीत एक रीत आहे. धरलेला खेकडा टोपलीत टाकण्याआधी उलटा करायचा. पोटाखालचं झाकण अरुंद असलं तर नर, रुंद असलं तर मादी. मादीचं झाकण बोटाने हलकं उचलायचं. आत पिल्लं असली तर जिथे धरली त्याच दगडाखाली तिला परत ठेवायची. सहाव्या-सातव्या वर्षी मला हे येत होतं. शाळेत ते चुकीचं ठरलं.

पुढचं थोडक्यात सांगते. घोरावाडीला मावशीकडे राहून बी.एस्सी. केलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकवीस वर्षांची होते. पीएच.डी.च्या मुलाखतीत मार्गदर्शक सरांनी अर्जावरची जात वाचली आणि हसून म्हणाले, "कोळी? मग समुद्र तुमच्या रक्तातच." समुद्रावरचे कोळी वेगळे, आम्ही डोंगरातले. मी सांगितलं नाही. मला जागा हवी होती.

विषय होता खाडीतले खेकडे. खाडीच्या चिखलात उतरायचं काम माझं. सर धक्क्यावरून सांगायचे, "तू उतर गं. तुला सवय आहे." बाकीचे विद्यार्थी वह्या घेऊन वर उभे. मी मांडीपर्यंत चिखलात. खेकडे वर द्यायचे, ते मोजमाप घ्यायचे. पहिल्या दोन शोधनिबंधांत माझं नाव लेखकांत नव्हतं. शेवटी आभाराच्या ओळीत होतं.

प्रयोगशाळेत मी खाडीच्या खेकड्याची अंडी वाढवली. एके दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली डिंभ दिसला. काटेरी, पारदर्शक, मोठ्या डोळ्यांचा. पन्नास वेळा लिहिलेला तो जीव. गुरुजी खोटं बोलले नव्हते. समुद्रातल्या खेकड्याबद्दल ते खरं होतं. आमच्या पवना नदीच्या खोऱ्यातल्या खेकड्याबद्दल नव्हतं. डोंगरातल्या खेकड्याची सगळी वाढ अंड्यातच पुरी होते. बाहेर येतो तो पूर्ण खेकडा, आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो. पुस्तक किनाऱ्याचं होतं आणि शिकवलं जात होतं डोंगरात. मला त्या दिवशी आनंद झाला नाही. राग आला. तो मी कुणाला दाखवला नाही.

पदवी मिळाली. नोकरी सरांच्याच संस्थेत, अकरा महिन्यांच्या करारावर. दर मुदतवाढीला सरांचं पत्र लागायचं. या एका पत्रामुळे मी किती ठिकाणी गप्प बसले, याची यादी मी केलेली नाही.

मग सर विज्ञानाचे पाठ सुधारण्याच्या समितीचे अध्यक्ष झाले. घोकंपट्टी बंद, मुलांनी परिसर पाहून शिकायचं, असं धोरण होतं. मला सदस्य केलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तळागाळातला एक चेहरा हवाच."

एका पाठाचं नाव होतं 'आपल्या ओढ्यातील खेकडा'. मसुदा उघडला. ओढ्याचं चित्र, खाली जीवनचक्र. अंडी, मग डिंभ. समुद्रातला. ओढ्यात.

मी लेखी हरकत दिली. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली. सरांनी बोलावून घेतलं.

"तुझा मुद्दा बरोबर असेल. पण चित्रं काढून झालीत. आणि मुलांचा गोंधळ होतो. तुझं ते चौकटीत टाकू. 'स्थानिक लोक काय मानतात?' अशी छान चौकट करू."

"सर, ते मानणं नाही. ते तसंच असतं."

"अगं, असू दे. आणि हो, लोणावळ्याच्या कार्यशाळेला आईला आण. खेकडा कसा धरतात ते दाखवतील. शिक्षकांना आवडेल. नऊवारी नेसतात ना?"

मी आईला आणलं. का आणलं, तर करार महिनाभरात संपत होता.

लोणावळ्याच्या एका हॉटेलचा हॉल. खिडकीबाहेर दरी आहे म्हणाले. धुक्यात काही दिसत नव्हतं. तालुक्यातले साठ शिक्षक. आई सकाळच्या जीपने आली, भाच्याच्या लग्नातली कोरी साडी नेसून. सरांनी तिला पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "रोजचं लुगडं नव्हतं का?" तिला दाराबाहेर पाण्याच्या फिल्टरजवळ खुर्ची दिली. नऊ वाजता. बोलावलं साडेबाराला. मधे मी दोनदा बाहेर गेले. आई म्हणाली, "तू जा आत. तुजं काम हाय. मी हितं बरी हाय."

मंचासमोर खाली प्लॅस्टिकचा टब ठेवला होता. त्यात आदल्या दिवशी विकत आणलेले ओढ्याचे खेकडे. आईने पदर खोचला. एक खेकडा पाठीमागून धरला. उलटा केला. झाकण उचललं.

"ही लेकुरवाळी हाय," आई म्हणाली. "हिला सोडायची."

हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, ओली बाळंतीण का?" पुन्हा हशा.

सर मंचावर माइकजवळ होते. टबापासून दहा-बारा पावलं. "मावशी, ती अंडी असतात. चिकटलेली."

"अंडी न्हाईत, सायेब. चालत्यात बगा." आईने हात पुढे केला. तळहातावर मुगाएवढे खेकडे फिरत होते.

सर खाली उतरले नाहीत. तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. या माणसाने आयुष्यात डोंगरातला खेकडा उलटा करून पाहिलेला नाही. त्यांना गरज पडली नव्हती. उतरायचं, धरायचं, उलटं करायचं हे काम त्यांच्यासाठी कायम दुसऱ्या कुणीतरी केलं. बरीच वर्षं ते मी केलं.

पडद्यावर डिंभाचं चित्र आलं. सर शिक्षकांकडे वळले. "ह्यालाच आपण लोकसमज म्हणतो. त्याचा आदर ठेवायचा, पण मुलांना शास्त्र द्यायचं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही सांगा हो आईला तिच्या भाषेत. अंड्यातून काय येतं?"

माइक माझ्या हातात आला. आई माझ्याकडे पाहत होती. हात तसाच पुढे. पिल्लं खाली पडू नयेत म्हणून तिने बोटं किंचित वळवली होती. साठ माणसं वाट पाहत होती. दार माझ्या मागे होतं आणि मला जाता येत नव्हतं. 'डिंभ' म्हटलं असतं तर दहा सेकंदांत सगळं संपलं असतं. जेवणाची वेळ झाली होती.

मी म्हणाले, "खेकडा."

सर म्हणाले, "काय?"

"ओढ्यातल्या खेकड्याच्या अंड्यातून खेकडाच येतो. आईच्या हातावर आहेत, इथे येऊन बघा. पडद्यावरचं चित्र समुद्रातल्या खेकड्याचं आहे. पाठ चुकीचा आहे. मी दोनदा लेखी दिलंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतले दोन शिक्षक उठून टबापर्यंत आले, वाकून पाहिलं, परत जागेवर जाऊन बसले. सरांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

कॉरिडॉरमध्ये त्यांच्या हातात पाठाची अंतिम प्रत होती. सदस्यांच्या सह्यांचा कागद वर. "तुला इथवर कुणी आणलं, विसरलीस? सही कर. विषय संपव. तुझं पत्र माझ्या टेबलावर आहे."

माझ्या नावासमोर मी लिहिलं: पाठ चुकीचा. असहमत. कागद परत दिला.

आई जेवायला थांबली नाही. बसस्टँडवर तिने विचारलं, "नोकरी जाईल का गं तुजी?"

"जाईल."

"मंग बोललीस कशाला? एवढं शिकलीस ते काय असं घालवायला?"

ती रागावली होती. आजही आहे. लोकांना आई शाबासकी देताना बघायला आवडतं. माझ्या आईने दिली नाही.

मुदतवाढ झाली नाही. पाठ छापून आला. सदस्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. डिंभाचं चित्र राहिलं. पानाच्या कोपऱ्यात चौकट आहे, चौकटीत त्या दिवशीचा आईचा फोटो. खाली छापलंय: स्थानिक महिला. तिला कुणी विचारलं नव्हतं.

सध्या मी सोमाटण्याच्या एका क्लासमध्ये बारावीचं जीवशास्त्र शिकवते. तिथेही मुलांना सांगावं लागतं की परीक्षेत पुस्तकातलंच लिहा. हे वाक्य माझ्या तोंडून निघतं तेव्हा मला त्याचा अर्थ पुरता कळत असतो. दुसऱ्या कुठल्या संस्थेत अर्ज केला की ते सरांना फोन करतात. मग अर्जाचं काही कळत नाही.

गेल्या महिन्यात सरांनी एका जुन्या सहकाऱ्याबरोबर निरोप पाठवला. "एका ओळीची दिलगिरी लिही. जागा अजून भरलेली नाही."

मी एक ओळ लिहिली. 'पाठ चुकीचा आहे, तो मागे घ्या; फोटोतल्या बाईंचं नाव छापा आणि त्यांची माफी मागा.' खाली माझं पूर्ण नाव, वाडी, तालुका, पदवी. एक प्रत सरांना. एक शिक्षण खात्याला. एक तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला, मुख्याध्यापकांच्या नावाने.

दोन शाळांनी पाकीट न फोडता परत पाठवलं. त्या शाळांत मी स्वतः जाणार आहे. टब घेऊन. वर्गात येऊ दिलं नाही तर फाटकाबाहेर बसेन. पाठ बदलेपर्यंत दिलगिरी मिळणार नाही. बदलल्यावरही मिळणार नाही.