बेबी ऑफ लीनाचा बाप्तिस्मा

"सिस्टर, पाणी घाल! आत्ताच्या आत्ता घाल!" दाराच्या काचेवर चापट्या मारत रोझीआजी ओरडत होत्या. मी आत, इन्क्युबेटरच्या भोकातून हात घालून त्यांच्या नातवाच्या तळपायाला टिचक्या मारत होते.

इन्क्युबेटर म्हणजे काचेची उबदार पेटी. दिवस भरायच्या आधी आलेली बाळं तिच्यात ठेवतात. या बाळांची खोड अशी की मधूनच श्वास घ्यायला विसरतात. तळपायाला टिचकी मारली की त्यांना आठवतं. हा नातू सकाळपासून चौथ्यांदा विसरला होता आणि दर खेपेला टिचक्या जास्त लागत होत्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका प्रसूतिगृहात स्टाफ नर्स होते. इन्क्युबेटर एकच, आणि त्यालाही अधूनमधून टिचक्या माराव्या लागायच्या.

"कसलं पाणी?" मी आतून ओरडले.

"बाप्तिस्म्याचं गं! फादर वर्सोव्याला मयताला गेलेत. ते येईतोवर हा गेला तर?"

आजी गावठाणातल्या, ईस्ट इंडियन, म्हणजे अंधेरीतल्या मूळच्या ख्रिस्ती. घरात मराठीच, आणि तोंड फटकळ. मी मालवणची सावंत, त्यामुळे बाळ दाखल झाल्यापासून आमची रोज जुंपायची. आज मात्र त्या भांडायला आल्या नव्हत्या.

डॉक्टरबाई सिझेरियनला धावत निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "बाहेरचं कोणी आत येणार नाही. इन्फेक्शन होईल. पाणी घालायचंच तर तू घाल. थोडंसं. स्टराइल." आणि गेल्या.

"मी? अहो आजी, मी हिंदू आहे!"

"असू दे ना! जीव जायची वेळ आली तर कोणीपण देऊ शकतो. लहानपणी शिकवलंय आम्हाला. तू डोक्यावर पाणी ओत, मी सांगते ते बोल."

आता वॉर्डात स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, पाणी एकच. इंजेक्शनची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरची छोटी काचेची कुपी येते, ते. टिचक्यांनी बाळाला जेमतेम श्वास लागला, तेवढ्यात मी कुपी फोडली, सिरिंजमध्ये पाणी ओढलं, सुई काढून टाकली. शब्दांची भीती नव्हती. डॉक्टर फोनवर औषध सांगतात तेव्हा नर्सने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा असतो. ती सवय होतीच. दुसरी सवय अशी की बाळाला काहीही द्यायच्या आधी मनगटावरची पट्टी मोठ्याने वाचायची. नाव ठेवेपर्यंत पट्टीवर आईचंच नाव असतं. मी वाचली.

"बेबी ऑफ लीना," मी म्हणाले, आणि पुढचं आजींच्या मागोमाग, "मी तुला पिता," एक धार, "पुत्र," दुसरी, "आणि पवित्र आत्मा," तिसरी, "यांच्या नावाने बाप्तिस्मा देते."

गडबडीत पाणी कोमट करायचं राहिलं होतं. थंडगार धार टाळूवर पडली आणि बेबी ऑफ लीना असा दचकला, असा कळवळून ओरडला की विचारू नका! दोन मुठी हवेत, तोंड लालभडक. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज दाराबाहेर गेला. मी टॉवेलने त्याचं डोकं टिपत होते, हसत होते, रडत होते, सगळं एकदम. बाहेर आजी आयाबाईचा हात धरून गोल गोल फिरत होत्या.

मग मी चार्ट लिहिला. आमच्या धंद्यात जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. "दुपारी दोन दहा. श्वास थांबला. आजीच्या सांगण्यावरून डिस्टिल्ड वॉटर, डोक्यावर, तीन वेळा. बाप्तिस्मा दिला. बाळ जोरात रडलं. रंग गुलाबी." खाली सही.

संध्याकाळी मेट्रनबाईंनी चार्ट पाहिला. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरची बाई.

"सावंत! हा नर्सिंग चार्ट आहे की चर्चचं रजिस्टर?"

"पण मॅडम, केलं ना मी ते."

"प्रिमॅच्युअर बाळाला गार पाणी! उद्या नारळ फोडशील माझ्या वॉर्डात!"

त्यांनी ती ओळ लाल पेनने खोडली आणि शेजारी स्वतःची सही ठोकली. महिनाभर मला लिननच्या खोलीत चादरी मोजायला बसवलं.

बाळ मात्र श्वास घ्यायला पुन्हा विसरलं नाही. वजन धरलं आणि काही आठवड्यांनी वाजतगाजत घरी गेलं. मला वाटलं, विषय संपला.

एका दुपारी आजी परत आल्या, सोबत पांढऱ्या झग्यातले फादर. आजींचा चेहरा एवढासा झाला होता. गावठाणात बारशासारखा मोठा बाप्तिस्म्याचा बेत ठरला होता. बँड सांगून झाला होता. आणि कोणी शेजारीण बोलून गेली होती, हिंदू नर्सचा बाप्तिस्मा लागत नाही.

"लीनाचं हे दुसरं गं," आजी मला म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या. "पहिलं आठ दिवसांचं होऊन गेलं. मामाला रजा मिळू दे, मग थाटात करू, असं मीच म्हटलं होतं. तसंच गेलं, पाण्याशिवाय. या वेळी तरी मी नीट केलं ना?"

चुकलं असेल तर ते माझ्या हातून चुकलं होतं.

फादर वसईचे, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. डॉक्टर केस-हिस्टरी घेतात तशी त्यांनी माझी घेतली.

"पाणी कुठलं?"

"डिस्टिल्ड, फादर."

"म्हणजे शुद्ध पाणीच. कशाने घातलंत?"

"सिरिंजने."

फादर दचकले. "इंजेक्शन?"

"सुई काढली होती!"

फादर खिशातला रुमाल शोधू लागले. हसू दाबत होते. "टाळूवरून वाहिलं का?"

"मानेपर्यंत. टॉवेल ओला झाला."

"शब्द तुम्हीच म्हणालात? आणि मनात काय होतं?"

"मनात? फादर, खरं सांगू? तुमच्यात जे करतात ते या बाळाला मिळू दे आणि म्हातारी शांत होऊ दे. एवढंच."

"एवढंच लागतं," फादर म्हणाले. "लिहिलेलं आहे काही?"

आता आली का पंचाईत! मी शेजारच्या टेबलाशी बसलेल्या मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या, कपाटातून जुना चार्ट काढला आणि टेबलावर आपटला. आमच्याकडे नियम असा की खोडायचं ते एकाच रेषेने, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही पाहिजे. सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

"वा!" फादर म्हणाले. "साक्षीदाराची सहीसुद्धा आहे."

"मी साक्षीदार?" मेट्रनबाई किंचाळल्या.

पण मला एक टोचत होतं. "फादर, मी नाव चुकवलं. बेबी ऑफ लीना म्हणाले."

आजींनी कपाळावर हात मारला. "मेले! वर स्वर्गात तेच लिहिलं असणार!"

आता फादरांना हसू आवरेना. नावावाचून काही अडत नाही, म्हणाले. बाप्तिस्मा पूर्ण लागला, आणि लागलेला पुन्हा देता येत नाही. चर्चमध्ये तेल लावू, पांढरा झगा घालू, मेणबत्ती देऊ. पाणी झालं ते झालं.

मी विचारलं, "पण एवढ्याशा जिवाने पाप ते काय केलं होतं?"

"त्याने काहीच नाही. माणसाच्या जन्माबरोबर आलेलं असतं ते, स्वतः केलेलं नव्हे. येशू मेला आणि उठला, तारण त्याने मिळवून ठेवलंय. बाप्तिस्म्याने ते या पोराचं झालं. कमाई त्याची नाही, माझी नाही, तुमच्या सिरिंजची तर नाहीच."

"आणि पहिलं?" आजींनी विचारलं.

फादर त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. "आजी, बाप्तिस्मा द्यायचा हुकूम आपल्याला आहे. देवाचे हात त्याने बांधलेले नाहीत. त्या बाळाला आपण त्याच्या दयेवर सोपवतो. तुमची माया जास्त आणि त्याची कमी, असं वाटतं का तुम्हाला?"

आजींनी मान हलवली. मग पदर तोंडाला लावून पोटभर रडल्या, नाक शिंकरलं आणि उभ्या राहिल्या. "पाणी नाही तर नाही! बँड तर आहे ना?"

बँड होता, आणि कसला झकास! चर्चपासून गावठाणापर्यंत ट्रम्पेट, पुढे आजी नाचत, मागे मेट्रनबाई पर्स सांभाळत ताल धरून. चर्चच्या रजिस्टरमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, नलिनी सावंत. पोराचं नाव अँथनी. आजींनी मात्र वेदीपुढे मेणबत्त्या दोन लावल्या.

"दुसरी कोणाची?" मी विचारलं.

"त्याच्या भावाची. तोपण आमच्यातलाच ना."

अँथनीला आता मिशा आहेत. गावठाणात त्याला आजही सगळे बेबीच म्हणतात, आणि त्याचा दोष तो मला देतो. मी नवीन मुलींना शिकवते तेव्हा एवढंच सांगते. केलं ते लिहा, खोडायचं तर एकाच रेषेने खोडा, आणि पाणी आधी कोमट करा.