सखारामच्या खोलीचा बघण्याचा कार्यक्रम

पन्नाशी उलटल्यावर सखारामला बघायला येणार होते. म्हणजे त्याला नाही, त्याच्या खोलीला. पण शहाडच्या चाळीत तो सगळ्यांना हेच सांगत सुटलेला. "लग्नाच्या वेळी पोरगी बघायला मी गेलेलो. आता माझी पाळी. रंग सावळा, दोन्ही किडन्या नापास. पसंत पडलो म्हणजे मिळवली!"

"अहो, जिवावरचं दुखणं आणि तुम्हाला थट्टा सुचते!" त्याच्या बायकोने, मीराबाईने, कपाळावर हात मारला.

दुखणं जिवावरचं होतंच, आता नोकरीवरही आलेलं. सखाराम कोलशेतच्या एका टॉवरवर वॉचमन. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस, म्हणजे तीन खाडे. सुपरवायझरने साफ सांगितलेलं, असंच चाललं तर दुसरा माणूस ठेवणार. घरचं डायलिसिस मिळालं तरच निभावणार होतं. पोटात नळी बसवायची. ड्युटीच्या आधी, ड्युटीनंतर आणि झोपताना पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, जुनं काढायचं. हे त्याला डॉक्टरांच्या आधी ठाऊक, कारण टॉवरमधले गुरुदत्तसाहेब तेच करत आणि त्यांच्या पिशव्यांचे खोके सखारामच वर पोचवत असे. डॉक्टर म्हणाले, "तुमचं पोट चालेल. खोली चालते का, ते सिस्टर बघून ठरवेल."

शिवानी सिस्टर आली तेव्हा पोहे तयार होते. शेजारच्या रखमाबाईने ठेवणीतल्या कपबशा दिलेल्या. सखारामने पलंग विटांवर चढवून खाली खोक्यांना जागा केलेली, मोरीपाशी नळ लावलेलं नवं पिंप ठेवलेलं. सिस्टरने मान डोलावली आणि हा मनात मांडे खायला लागला.

"आता करून दाखवा, काका. दार, खिडकी, पंखा सगळं बंद. मध्येच कुणी यायचं नाही."

त्याने दार लावलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. त्या चाळीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही. लावलंच तर आत भांडण, नाहीतर मयत. आणि या दारामागे तर आजारी माणूस!

मास्क लावून, हात घासून धुऊन सखारामने सिस्टरने आणलेली नमुन्याची नळी उचलली, तोच दार धडधडलं. "सखाराम! अरे काय झालं रे?" रखमाबाईच.

"काही नाही, मावशी!" तो ओरडला, पण मास्कमधून आवाज असा मेलेला निघाला की बाहेर रडारड सुरू झाली. कडी जुनीच, एका धक्क्यात निघाली. रखमाबाई आत आणि मागून अर्धी चाळ. तिने त्याचे धुतलेले दोन्ही हात धरून छातीशी लावले. "आहेस ना रे बाबा!"

"आहे गं. आत्ता पसंतही पडत होतो."

शिवानीला हसू आवरेना. मग तिने नळी उचलून ठेवली. "काका, तुमचा हात अगदी बरोबर चाललेला. माणसांना समजावता येईल हो. पण स्वयंपाक, आंघोळ, झोप सगळं याच खोलीत. पोटात जंतू गेला तर जीव जाईल, मी हो कसं म्हणू? वेगळी खोली मिळाली तर फोन करा. मी स्वतः येईन."

ती गेल्यावर रखमाबाई हमसून रडली. "माझ्यामुळे मोडलं रे!"

"छे गं मावशी. नवरा पसंत होता, घर लहान पडलं." तो हसला खरा, पण पोह्यांची बशी त्याने तशीच बाजूला सारली.

पुढच्या ड्युटीला नेमके साहेबांचे खोके आले. साहेबांच्या बायकोने, सुमतीताईंनी, ते ठेवायची खोली उघडून दिली. "दार लावून घे हं, धूळ बसते."

खोली त्याच्या घराहून मोठी, खिडकीला पडदे. "गाढवा, माणूस कशाला झालास," तो स्वतःला म्हणाला, "खोका झाला असतास तर स्वतंत्र खोली मिळाली असती!"

त्याने दार आतून लावलं, पंखा बंद केला आणि हात समोर धरून उभा राहिला. अशीच खोली हवी होती, जीव तुटेपर्यंत हवी होती. बाहेर सुमतीताई फोनवर बोलत होत्या. बराच वेळ गेला तरी दार कुणी वाजवलं नाही. रखमाबाईच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. शेवटी त्यानेच कडी काढली आणि उरलेले खोके आणायला तो खाली गेला.