माझ्या गाडीत बाबा बसत नसे

आमच्या घराला चाकांचं काही कौतुक नाही. आजोबांपर्यंत आम्ही मिठागरात होतो. बाबाने मीठ सोडलं, स्टिअरिंग धरलं आणि आता त्याचे ट्रेलर बंदरातून कंटेनर उचलून देशभर जातात. गावातल्या निम्म्या पोरांना बाबाने गाडी शिकवली. मला सोडून. मी पेणच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, तिथला मास्तर मला विचारायचा, "तुमच्याकडं एवढ्या गाड्या, आणि तुम्ही इथं कशा?" काय सांगणार, कपाळ?

आता मी चाळिशीला टेकलेय. आमच्याच ऑफिसात बसून गाड्यांच्या फेऱ्या लावते, ड्रायव्हरांना फोनवर झापते, आणि ते गपगुमान ऐकून घेतात. पण मी चालवत असलेल्या गाडीत बाबा कधी बसला नव्हता. अलिबागला एकत्र काम असलं तरी तो म्हणायचा, "तू हो पुढं, मी येतो एसटीनं." आणि खरंच एसटीने यायचा, धोतराचा सोगा सावरत. कारण विचारलं की म्हणायचा, "मना बाजूला बसायची सवय नाय." नव्या ड्रायव्हरची परीक्षा घ्यायला मात्र हाच माणूस पार पनवेलपर्यंत बाजूला बसून जातो. मला त्याचा राग यायचा, खूप यायचा. मला दुसरं काही नको होतं, एकदा माझ्या शेजारी बसावा एवढंच.

मग मी ती गाडी घेतली. जुनी, दोन दरवाजांची, टर्बोवाली, इतकी बुटकी की आत बसायला लोटांगण घालावं लागतं. आईने तिच्यापुढे नारळ फोडला आणि झेंडूची भलीमोठी माळ थेट तोंडावर बांधली. तिथंच टर्बोची हवा थंड करणारी जाळी असते. माळ बांधून गेले असते तर गाडीचा दम पेणच्या आतच कोंडला असता. माळ काढून मी मागच्या काचेला लावली, तर आई दोन दिवस बोलली नाही. बाबाने गाडीभोवती एक फेरी मारली, चारी टायरांवर लोखंडी दांडक्याने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यात भाताचं एक पोतं तरी मावंल का गो?" आणि चहा प्यायला आत निघून गेला.

मला ती ऑटोक्रॉससाठी हवी होती. म्हणजे मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पाडला की वेळेत दंड. समोर दुसरी गाडी नसते, भांडायचं ते आपल्याशीच. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला हा खेळ का आवडला, हे मला अजून कळलेलं नाही. किहीमच्या अलीकडे, वाड्यांच्या मागच्या मैदानात उन्हाळ्याच्या तोंडाला अशी एक स्पर्धा होणार होती. मी नाव दिलं. मनात म्हटलं, ही पाहून तरी बाबाला पटेल.

सरावाला जागा हवी, ती घरचीच होती. आमची शेती खारातली. एका बाजूला खाडी, मधे मातीचा मोठा बांध, अलीकडे भाताची खाचरं. मागे एकदा बांधाला खांड गेली, खारं पाणी आत शिरलं आणि आमचा एक मोठा तुकडा पडीक झाला तो झालाच. जमीन तापून दगडासारखी कडक, वर भुरभुर धूळ. ऑटोक्रॉसला याहून चांगलं मैदान मागून मिळालं नसतं. पण बांध सगळ्या गावाचा. उधाणाच्या भरतीआधी घरटी एक माणूस माती आणि पेंढा घेऊन तिथं गेला पाहिजे, हा आमच्याकडचा जुना रिवाज. ज्याच्या म्हशीने बांध उकरला त्याने पुढच्या उधाणाच्या आत तो भरून द्यायचा, त्यात भाऊबंदकी पाहत नाहीत. बांधाची जबाबदारी थोरल्या काकांकडे, म्हणजे बाबाच्या मोठ्या भावाकडे. ते म्हणाले, "फिरव हवी तेवढी. पण बांधाला चाक लागलं, तर पुन्हा गाडी हितं दिसता नये." बाबा शेजारीच उभा होता. तो काकांकडे बघून मान डोलावत राहिला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टर्बोचं कसं असतं, पाय दाबला की ती आधी विचार करते. तुम्हाला वाटतं, ऐकलं नाही वाटतं हिने, म्हणून अजून दाबता. तेवढ्यात ती रुसून माहेरी निघालेल्या बाईसारखी एकदम सुटते. त्यात इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, म्हणजे वळणात जोर आला की नाक आत यायच्या ऐवजी बाहेर जातं. हे सगळं मी वाचलं होतं, पेणच्या एका गॅरेजवाल्याकडून स्प्रिंगा बदलून घेतल्या होत्या, चाकांचा कल थोडा बदलला होता. टायरांची हवाही कमी केली होती, कारण धुळीत टायर जरा मऊ असला की जमीन धरतो. रोज सकाळी सराव करायची, आणि संध्याकाळी तीच गाडी घेऊन ऑफिसातून आले की अंगणात मी हवा मोजायची आणि जास्त भरली तर सोडून द्यायची. रोज ती जास्तच भरायची. मी म्हणायची, गाडी तापली की हवा फुगते, पुस्तकात लिहिलंय. सकाळी पुन्हा मोजायचं मात्र मला सुचलं नाही, आणि त्यातच घोळ होता.

कारण गाडी सुधरेचना. संध्याकाळी मी तिला शहाणी करून ठेवायची आणि सकाळी ती येड्यासारखी वागायची. वळणात कोरड्या शेणावरून घसरावं तशी सरळ निघून जायची. मी स्प्रिंगांना शिव्या दिल्या, गॅरेजवाल्याला दिल्या, टर्बोचा दाब कमी करून आणला. काही फरक नाही. आणि एका सकाळी बांधाकडच्या शेवटच्या वळणावर मी स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना गाडी सरळ गेली आणि बांधात नाक खुपसून थांबली.

मला काही झालं नाही, गाडीलाही फारसं नाही. बांधाला मात्र हातभर खोल खळगा पडला. मी खाली उतरले. काका आले, खळगा बघितला. फक्त हाताने दाखवलं, गाडी बाहेर काढ. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच बांधावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. मैदान गेलं, स्पर्धा गेली आणि बाबा आता सगळ्या गावाला सांगणार, म्हणून तर मी हिच्या बाजूला बसत नाय.

सुचेना म्हणून डिकीतून मीटर काढला आणि हवा मोजली. गाडी थंड होऊन बराच वेळ झाला होता. तरी चारी टायर दगडासारखे टणक. चारहीमध्ये हवा सारखीच, कुणीतरी मन लावून भरल्यासारखी.

घरी आले तर बाबा अंगणात कंप्रेसरचा पाइप गुंडाळत होता. ट्रेलर सुटायच्या आधी तो रोज प्रत्येक चाकाची हवा बघतो. आमच्याकडे सैल टायर घेऊन रस्त्यावर जाणं म्हणजे उघड्या डोक्याने मयताला गेल्यासारखं. मी विचारलं, "माझ्या गाडीत हवा कुनी मारली?" रागात मी पण घरचंच बोलते.

"मी," बाबा म्हणाला, वर मान करून. "रोज मारतो. रोज सकाळी बसलेले असतात तुझे टायर. काय बघतेस तरी काय तू?"

"बाबा, मी मुद्दाम सोडते रे हवा. त्या धुळीत मऊ टायर लागतात. तुझ्या त्या टाईट हवेनं मी आज बांधात गेले."

त्याच्या हातातला पाइप तसाच राहिला. "लागलं का तुला?" हा पहिला प्रश्न. मग म्हणाला, "चिखलात रुतली की हवा सोडतात, ते मना कलत नाय व्हय? आयुष्य गेलं माझं त्यात. पन सांगायचं ना."

"तू कधी विचारलंस?"

"पोरीची गाडी हाय, रस्त्यानं जाते, टायर बसलेत. त्यात विचारायचं काय?"

हा माणूस माझ्या गाडीकडे ढुंकून बघत नाही म्हणून मी इतके दिवस जळत होते, आणि हा रोज उजाडताच तिच्या चारी चाकांपाशी उकिडवा बसत होता. राग तर होताच, पण निम्मा आता माझ्यावरच. आम्ही दोघंही एका मातीचे, मेलो तरी आधी विचारणार नाही. आई दारातून म्हणाली, "झालं असलं तर जेवून घ्या दोघं, आणि मग भांडा."

जेवून उठल्यावर बाबाने घमेलं आणि फावडं घेतलं. मी पेंढा घेतला. बांधावर जाऊन आम्ही खळगा भरला, एक थर मातीचा, एक पेंढ्याचा, वरून पायाने तुडवून घट्ट. थोरले काका बघायला आले. बाबा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, हवा मी मारली व्हती. पोरीची चूक नाय. गाडी तिच्या हाताबाहेर मी घालवली." माझ्या बाबाला चूक कबूल करताना मी तोवर बघितलं नव्हतं, काकांनीही बघितलं नसावं. त्यांनी भरलेल्या जागेवर दोनदा टाच मारून पाहिली. मग म्हणाले, "कोन बांधापासून लांब मांडा. आनि तू हवेला हात लावू नको." शेवटचं बाबाला होतं.

त्यानंतर सरावाला बाबा बांधावर येऊन बसू लागला. सल्ले फुकट. "पाय उशिरा दाबतेस. टर्बो आमच्या ट्रेलरलाबी हाय, घाटात चढ दिसायच्या आधी दाबायला लागतो." हे बरोबर होतं. वळण अर्धं असतानाच पाय हलका टाकायला लागले, तर बाहेर पडताना गाडी बरोब्बर वेळेवर जागी व्हायची. "वळणाआधी हॉर्न मार," हेही तो दहादा म्हणाला. कोनांना हॉर्न काय कामाचा, सांगून सांगून मी थकले. मऊ टायर जमीन धरू लागले, नाक आत येऊ लागलं आणि मी एकटीच गाडीत मोठ्याने हसायला लागले. इतक्या वर्षांत इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

एक दिवस म्हटलं, "बस ना, एक चक्कर मारू." बाबा म्हणाला, "हेल्मेट नाय माझ्याकडं." मी माझं पुढे केलं. "मग तू काय घालशील?" तो म्हणाला आणि उठून घरी गेला. स्पर्धेच्या दिवशीही तो एसटीनेच आला. मैदानाच्या कडेला नारळाच्या सावलीत, मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून आलेल्या गॉगलवाल्या पोरांच्या घोळक्यात, पांढरी टोपी घालून उभा राहिला. मला वाईट वाटलं. मी ते गिळलं आणि हेल्मेट चढवलं.

पहिल्या फेरीत एक कोन उडवला. दुसऱ्या फेरीत एकही नाही. शेवटच्या वळणात पाय वेळेवर गेला आणि गाडी दोरीने ओढल्यासारखी आत आली. नंबर आला मधलाच, वीस-पंचवीस वर्षांची पोरं माझ्या पुढे होती. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी चांगली चालवली होती आणि ते मला ठाऊक होतं.

सामान आवरलं, चारी चाकांत रस्त्यापुरती हवा भरली. मागे वळते तर बाबा गाडीच्या डाव्या दारापाशी उभा.

"एसटी?" मी विचारलं.

"गर्दी असते रविवारची," तो म्हणाला. दार उघडलं, वाकला, कण्हत कण्हत आत उतरला आणि पट्टा कुठे असतो ते शोधू लागला. मी लावून दिला. बोलले काही नाही. बोलले असते तर रडले असते, आणि त्याने पुन्हा एसटी धरली असती.

अलिबाग सोडेपर्यंत तो समोर बघत होता, उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. एका ट्रकच्या मागे मी पुढे न घुसता राहिले, तेव्हा "हां" म्हणाला. पोयनाडच्या बाजारात गर्दी होती, तीही त्याने नीट बघून घेतली. नंतर तो गप्प झाला. काही चुकलं का म्हणून मी बघितलं, तर त्याची मान खिडकीकडे कलली होती. तोंड थोडं उघडं, टोपी कपाळावर आलेली.

बाबा दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असताना झोपत नाही. माझ्या भावाच्या गाडीतून नाशिकला गेला, डोळा मिटला नाही. काकांच्या पोराच्या लग्नाला रात्रभर बसने गेलो, हा ड्रायव्हरच्या मागे बसून टक्क जागा.

मी पाय हलका केला. खड्डे बघून बघून चुकवले, गतिरोधकावर गाडी हळूच चढवली आणि हळूच उतरवली. आमच्या गावाचा फाटा आला. मी वळले नाही. धरमतरचा पूल ओलांडला आणि वडखळच्याही पुढे गेले.