मास्तरांनी निवडलेला कॉम्प्युटर

चालू मशीन कुठलंही असो, मास्तर आधी त्याच्यावर उजवा तळवा ठेवायचे, मग डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने आजूबाजूच्यांना गप्प करायचे. मिक्सर, स्कूटर, पाण्याची मोटर, सगळ्यांना हीच तपासणी. जरा वेळाने डोळे उघडून ते निकाल द्यायचे. निकाल दोनच होते. एक, "बेरिंग गेलंय." दुसरा, "लोण्यासारखं चालतंय." ज्यात बेरिंग नसतंच अशा वस्तूंचंही बेरिंग त्यांनी अनेकदा घालवलं होतं.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमची गल्ली सुरतला डिंडोलीत. घरटी एक तरी माणूस लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, नाहीतर मिलमध्ये. हे लिंबायतच्या एका लूमखात्यात मास्तर होते, म्हणजे बिघडलेली लूम चालू करून देणारे. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता. तरी आमच्याकडे मास्तर म्हटलं की तेच. खरे शाळामास्तर पलीकडच्या सोसायटीत राहायचे आणि त्यांना लोक नुसत्या आडनावाने ओळखायचे.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. अख्ख्या गल्लीला ती माहीत होती, फक्त मास्तरांसमोर कोणी बोलत नसे. मास्तरांना ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. ढोल ऐकू यायचा, ट्रक ऐकू यायचा, पण माणसाचं बोलणं म्हणजे अंदाजपंचे. लूमखात्यात तसंही कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, तिथे ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून कामं चालतात. मास्तर बाहेरही तसेच वागायचे. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय जीव लावून ऐकतोय बिचारा!

तोंडात गुटखा भरून कोणी बोलायला लागलं की मास्तर भडकायचे. आधी थुंकून ये, मग बोल. गुटखा भरलेल्या तोंडाचे ओठ धड हलत नाहीत, हे आम्हाला कुठे सुचणार! एका मंडळाने तर व्यसनमुक्तीचं काम केलं म्हणून त्यांना शाल-नारळ दिला. मास्क लावायचे दिवस आले तेव्हा ते घराबाहेरच पडेनात. नियम पाळावेत तर मास्तरांसारखे, असं सगळे म्हणायचे. त्यांचा टीव्ही एवढ्या जोरात चालायचा की शेजारच्या चार घरांत लोक आपापल्या टीव्हीवर चित्र बघायचे आणि आवाज मास्तरांकडून घ्यायचे.

अशा माणसावर माझा कॉम्प्युटर निवडायची वेळ आली. निवडायचाही कसा, तर आवाज न करणारा.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता, म्हणून घरी मी अभ्यासासाठी हवा असं सांगितलं. आई म्हणाली, असू दे, तोही अभ्यासच. पोरांच्या शिकवण्या घेऊन मी थोडे पैसे जमवले होते, थोडे आईने घरी बसून साड्यांना खडे चिकटवून जमवले होते. एवढ्यात नवा चांगला कॉम्प्युटर येत नाही. सुटे भाग घ्यायचे, त्यातले काही जुने घ्यायचे आणि जोडायचे. महिनाभर मी मोबाईलवर तेच व्हिडिओ बघत होतो. कुठला पंखा हळू फिरतो, कुठल्या कॅबिनेटला आतून स्पंज असतो, कुठला पॉवर सप्लाय गुरगुरत नाही, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. कॉलेजच्या एकाही विषयात माझी एवढी तयारी नव्हती.

आवाजाचं एवढं अवडंबर आप्पांसाठी होतं. माझे वडील पलसाण्याला एका प्रोसेसिंग मिलमध्ये रात्रपाळीला होते, कापड रंगवायच्या मशीनवर. आत उकळतं पाणी आणि वाफेचा दाब. झाकण उघडायची वेळ चुकली तर माणूस भाजतो. त्यांच्या खात्यातला एकजण तसा भाजला होता आणि त्याचं कारण डुलकी, असं आप्पाच सांगायचे. म्हणून दिवसा त्यांची झोप आमच्या घरात देवासारखी सांभाळली जायची. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. आप्पा खोलीत जमिनीवर झोपायचे, आणि माझं टेबल त्यांच्या पायाशी. आईने शेंगदाणे कुटायला घेतले की फरशी हादरायची आणि आप्पा ताडकन उठून बसायचे. त्यामुळे स्वतःची झोप फार सावध आहे असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांनी अट घातली. झोप मोडली तर ते डबडं त्याच दिवशी भंगारात. आणि घ्यायचं ते मास्तर पसंत करतील तेच. आप्पा आणि मास्तर शिरपूरकडच्या एकाच गावचे, मास्तरांनीच त्यांना सुरतेला आणलं होतं. आप्पांना मास्तरांचा शब्द म्हणजे कोर्टाचा हुकूम.

मी आईकडे तक्रार केली. ज्या माणसाला ऐकू येत नाही तो आवाज काय तपासणार? आई खडे चिकटवत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "तुला कॉम्प्युटर पाहिजे की न्याय?"

तर आम्ही तिघं कॉम्प्युटर मार्केटला गेलो. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकानदाराने आधी रंगीत दिवे लावलेले पंखे दाखवले. हे लावले की गेम भारी चालतो, असं त्याचं म्हणणं. मास्तरांनी त्यांच्यावर तळवा ठेवला आणि नवरात्रात गणपतीच्या मंडपाला बरे आहेत, असं सांगून बाजूला सारले. नवरात्रात गणपती नसतो हे सांगायची दुकानदाराची हिंमत झाली नाही. प्रोसेसर हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केला. हा फिरत नाही हे कळल्यावर त्यांचा त्यातला रस संपला आणि तो मला माझ्या मनासारखा घेता आला.

गाडी अडली ग्राफिक्स कार्डावर. नवं परवडत नव्हतं. दुकानदाराने दोन जुनी कार्डं काढली आणि जोडून चालू करून दाखवली. पहिल्याचे पंखे घरघरत होते, पण ते मी साफ करून, तेल देऊन शांत करू शकलो असतो. महिनाभराचा माझा अभ्यास तेच सांगत होता. मास्तरांनी त्याच्यावर बोटं टेकवली आणि लगेच काढून घेतली. "बेरिंग गेलंय." दुसऱ्यावर मात्र त्यांचा तळवा बराच वेळ राहिला. त्यांनी डोळे मिटले, सगळ्यांना गप्प केलं. तेवढ्यात शेजारच्या दुकानात स्पीकर तपासायला लागले, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालले होते, त्यात मलाही काही ऐकू येत नव्हतं. "लोण्यासारखं चालतंय," मास्तर म्हणाले. "एकदम सायलेंट छे, काका," दुकानदार म्हणाला, कारण गिऱ्हाईकाला जे पटलंय ते त्यालाही नेहमी पटायचं. आप्पांनी मान डोलावली. माझं मत कोणी विचारलं नाही.

घरी येऊन मी कॉम्प्युटर जोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा झोपले आणि मी पहिला गेम लावला. लावताक्षणी कार्ड शिट्टी मारायला लागलं. पंखे नाहीत हं, पंखे गुपचूप होते. कार्डात तारांच्या बारीक गुंडाळ्या असतात, त्यांच्यावर जोर पडला की काही कार्डं अशी वाजतात. कानाशी डास आला की येतो ना, तसा आवाज, पण न थांबणारा आणि चांगला मोठा. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली, तिला वाटलं मी खोलीत कुकर लावलाय. मी घाबरून आप्पांकडे बघितलं. आप्पा घोरत होते.

रोज तसंच झालं. मी खेळायचो, कार्ड किंचाळायचं, आई कपाळाला हात लावायची आणि आप्पा गाढ झोपायचे. दमलेला माणूस आहे, आम्ही म्हणायचो. पण माझंच डोकं उठायला लागलं. कार्ड बदलून आणू द्या म्हणून मी मास्तरांच्या मागे लागलो. त्यांचा अपमान झाला. सुट्टीच्या दिवशी ते तावातावाने आले आणि म्हणाले, कुठे वाजतंय ते दाखव.

मी गेम लावला. शिट्टी सुरू झाली. मास्तर टेबलाशी उकिडवे बसले, कॅबिनेटवर तळवा ठेवला, मग चक्क कान लावला. मान हलवली. आप्पा म्हणाले, सरक, मी बघतो. त्यांनी दुसऱ्या बाजूने पत्र्याला कान लावला. दोघं तसे बसलेले, मध्ये ते कार्ड केकाटतंय, आणि दोघंही एकमेकांकडे बघून माना हलवताहेत. मला हसू फुटलं. आप्पा वर बघून म्हणाले, "काहीच तं वाजत नही."

घरी आम्ही अहिराणीच बोलतो. इथे सगळं मराठीत लिहितोय, पण काही वाक्यं मला दुसऱ्या भाषेत आठवतच नाहीत.

मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. मग माझंही हसू गेलं. मी पूर्वी डबा द्यायला मिलमध्ये गेलो होतो. आप्पांच्या मशीनला एक भोंगा आहे. दाब उतरला नसताना कोणी झाकणाला हात लावला की तो वाजतो. असाच बारीक, असाच टोचणारा.

मास्तर मात्र विजयी मुद्रेने बाहेर पडले आणि पोराचे कान तपासून घ्या, असं गल्लीत सांगत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांच्याकडे गेली. मी सोबत होतो. ती त्यांच्या अगदी समोर बसली, ओठ दिसतील अशी. आमच्या ह्यांना भोंगा ऐकू येत नाही, ती म्हणाली. तुम्हालाही ऐकू येत नाही. मी सांगितलं तर ते माझ्यावर ओरडतील आणि कामावर जातील. तुमचं ऐकतील. मास्तर आधी रागावले, कोण म्हणतं असं? मग मास्तरांनी तिच्या तोंडाकडे बघणं सोडून भिंतीकडे बघायला सुरुवात केली. त्यांना एखाद्या गोष्टीवर निकाल देता आला नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

संध्याकाळी आप्पा डबा घेऊन निघाले होते. गल्लीतले पुरुष ओट्यावर बसले होते. मास्तरांनी आप्पांचा हात धरला आणि सरळ विचारलं, तुला भोंगा ऐकू येतो का? आप्पा चिडले. मला सगळं ऐकू येतं, म्हणाले. ऐकू येत नाही म्हटलं तर ठेकेदार उद्या येऊ नको म्हणेल, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यातल्या निम्म्यांचं तेच दुखणं होतं. आप्पा हात सोडवायला लागले. मास्तर सोडेनात.

"माले ऐकू येत नही, भाऊ," मास्तर म्हणाले. आवाज कमी ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही, त्यामुळे हे अख्ख्या गल्लीने ऐकलं. "गंज सालं व्हयनात. आते तू सांग." म्हणजे, खूप वर्षं झाली, आता तू सांग.

आप्पांनी डबा ओट्यावर ठेवला आणि ते खाली बसले. त्या दिवशी ते कामाला गेले नाहीत.

पुढे मास्तर त्यांच्याबरोबर पलसाण्याला गेले. मिलमध्ये ते काय बोलले कोणास ठाऊक. मास्तरांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर साहेब उभा राहिला, चहा मागवला आणि तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत असं म्हणाला. ते असो. आप्पांना दिवसपाळीला घडी खात्यात घेतलं, कापडाच्या घड्या घालायला. पगार उतरला, पण आप्पा धडधाकट घरी यायला लागले.

मास्तरांचं मात्र तपासणीचं दुकान बसलं. कानाने अधू असल्याचं स्वतः कबूल केलेल्या माणसाकडे मिक्सर कोण नेणार? गंमत बघा, आधीही सगळ्यांना माहीत होतं, पण तेव्हा नेत होते. आता लोक त्यांच्याशी हातवारे करून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले. मला फार राग यायचा. मी मुद्दाम घरातला टेबलफॅन घेऊन गेलो. त्यांनी तळवा ठेवला, पण डोळे मिटले नाहीत. नवाच घे, म्हणाले.

त्याच वर्षी ते गावी मुलीकडे राहायला गेले आणि थंडीत तिकडेच वारले. आप्पा आणि मी जाऊन आलो.

आईच्या भुणभुणीमुळे आप्पांनी मागच्या महिन्यात कानाचं मशीन घेतलं. ते लावून पहिल्यांदा घरात आले तेव्हा मी कॉम्प्युटरवर होतो. दारातच थांबले. पंख्याकडे बघितलं, कुकरकडे बघितलं, मग माझ्या टेबलाशी आले.

"हे काय वाजतंय?"

कार्ड, मी म्हणालो.

"रोज वाजायचं?"

रोज, मी म्हणालो. पहिल्या दिवसापासून.

ते खाली बसले आणि कॅबिनेटला कान लावायला गेले, तर जवळून तो आवाज सहन होईना, झटक्याने मागे आले. मग त्यांना हसू फुटलं. एवढं हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आईही हसायला लागली. हे शांत कार्ड! डोळे मिटून निवडलेलं! मला त्यांना असं हसताना बघून इतकं बरं वाटलं की मी गेम मुद्दाम चालू ठेवला.

"थांब, मास्तरला सांगून येतो," आप्पा म्हणाले, आणि चपला घालायला उठलेसुद्धा.