नातवासाठी माऊथ ऑर्गन

"शेट, ह्यो बाजा मुका हाय. बदलून द्या."

बिरामामांनी डबी काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो मुका करून विकलाय.

साताऱ्यात माझं वाद्यांचं दुकान आहे. पेट्या, तबले, माऊथ ऑर्गन विकतो, दुरुस्तही करतो. बिरामामा म्हसवडकडचे मेंढपाळ. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा आले, तेव्हा म्हणाले, "नातवाला शिकाय पायजे. बारा वर्साचा हाय." मी दहा भोकांचा लहान माऊथ ऑर्गन दिला. नवख्या मुलाच्या हातात तो बरोबर मावतो. मामांनी तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासला होता. तोंडापुढं हात धरून बोलायची त्यांची सवय मला तेव्हाच खटकली होती. काहीतरी लपवणारा माणूस असा बोलतो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तोंडाला लागलेलं वाद्य परत घ्यायचं नाही. लोक कार्यक्रमापुरता माऊथ ऑर्गन नेतात आणि नंतर 'बिघडलाय' म्हणून घेऊन येतात. अशी माणसं मी लांबून ओळखतो, निदान तोवर माझा तसा समज होता.

"वापरलेला परत घेत नाही, मामा. तुम्हाला सांगितलं होतं."

"वापरला कुटं? वाजलाच न्हाई तर वापरला कसा?"

मी टेस्टिंगचा भाता काढला. हा हातानं दाबायचा छोटा भाता असतो. त्याची नळी भोकाला लावली, की तोंड न लावता सूर तपासता येतो. माऊथ ऑर्गनच्या भोकातून फुंकल्यावर एक सूर येतो आणि श्वास आत ओढल्यावर दुसरा. नऊ भोकं दोन्हीकडून स्वच्छ बोलली. चौथं फक्त ओढताना गप्प राहिलं.

"एकच सूर अडकलाय. बाकी वाजतोय की."

"यंतरानं वाजतोय. मानसाला वाजाय पायजे."

"मग नातवाला घेऊन या. मी दाखवतो त्याला."

"त्याची साळा असती."

"रविवारी आणा."

"सोमवारी मेंढरं भाईर पडत्यात, चार-पाच म्हैन्यांसाठी. त्याच्या आत बाजा वाजाय पायजे. न्हाईतर माजा पोरगा समदी मेंढरं इकून टाकतोय."

नातवाच्या बाजाचा आणि मेंढरं विकण्याचा काय संबंध? माझा संशय पक्का झाला. दुकानात दोन गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती. त्यांच्यासमोर मला खरं-खोटं करायचंच होतं. मी स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं. आत रीड असतात, म्हणजे पितळेच्या बारीक पट्ट्या. वाऱ्यानं त्या थरथरतात आणि सूर निघतो. चौथ्या भोकाच्या रीडपाशी काळपट काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं काढून कागदावर ठेवलं आणि वास घेतला. तंबाखू होती.

"मामा, तुमचा बारा वर्षांचा नातू तंबाखू खातो?"

गिऱ्हाइकं हसली. पटक्याचं टोक तोंडाशी धरून मामा बाजूच्या स्टुलावर बसले. गिऱ्हाइकं गेल्यावर त्यांनी ते टोक खाली घेतलं. वरचे पुढचे चारही दात नव्हते.

"नातू पुण्याला असतोय. वाजिवनारा मीच," ते म्हणाले. "माज्या पाव्यावर मेंढरं यायची, कुटंबी पांगल्याली असूंदेत. दात पडलं आन् पावा बोलंना. शीळबी निगत न्हाई. हाळी लांब पोचत न्हाई. पोरगा म्हनतोय, मेंढरं आता तुझ्या आवाजाला येत न्हाईत, लांडगं नेत्यात, इकू."

"मग आधीच सांगायचं ना."

"ह्या वयात मी शिकनार म्हनलो असतो तर तुमी हसला असता."

हसलो नसतो, असं काही मला म्हणता येईना. मघाशी गिऱ्हाइकांना मीच हसवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

चूक वाद्याची नव्हतीच. दहा भोकांच्या बाजात शेजारशेजारची भोकं एकाच वेळी फुंकली जातात, म्हणून ओठ घट्ट आवळून एकच भोक धरावं लागतं. पुढचे दात नसतील तर ओठ आत जातात आणि वारा बाजूनं निसटतो. मी चोवीस भोकांचा मोठा काढला. त्यात एक भोक फुंकायचं, तर शेजारचं ओढायचं, अशी आलटून पालटून रचना असते. त्यामुळं तोंड सैल राहिलं तरी फुंकताना शेजारचा सूर मधे घुसत नाही. शिवाय एकेका सुराला दोन रीड, म्हणून आवाज भरदार.

"चूळ भरा आणि लावा तोंडाला."

"आन् न्हाई वाजला तर?"

"तर मी ठेवून घेईन."

त्यांनी तो आधी उजेडाकडे धरला. "आदी कुनी वापरल्याला न्हाई न्हवं?"

"नाही."

त्यांनी फुंकलं. लांब, सरळ सूर निघाला. मग ओढलं. दुसरा निघाला. दोन्ही सूर त्यांनी पाच-सहा वेळा वाजवले, आणि मग माझ्याकडे पहिल्यासारखंच रोखून बघितलं.

"ह्यो आदीच का न्हाई दिलासा?"

"तुम्ही नातू सांगितलात."

"आन् तुमाला खरं वाटलं?"

मी जुना ठेवून घेतला आणि नवा दिला. 'चारा टाकताना रोज वाजवत जा, मेंढरांना सवय होईल,' असं सांगायला लागलो, तर म्हणाले, "त्ये मला शिकवू नगा."

महिन्याभरानं फोन आला. "ऐका," एवढंच म्हणाले. तेच दोन सूर ऐकू आले. मग बराच वेळ नुसता वारा. मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात एक घंटा वाजली, मग चार-पाच, आणि मागून मेंढरांचा आवाज जवळ जवळ येत गेला.

"आली का मामा?"

"आली. पोरगाबी हितंच हुबा हाय."

तेव्हापासून कुणी वयस्क गिऱ्हाईक 'नातवासाठी' म्हणालं, की मी नातवाचं वय विचारत नाही. दोन्ही माऊथ ऑर्गन समोर ठेवतो आणि विचारतो, "नातवाचे पुढचे दात शाबूत आहेत ना?" बरेच जण आधी माझ्याकडे संशयानं बघतात. मग मोठ्याकडे हात करतात.